तडतडीची सम

"हे आमचं नव्हे," अण्णा म्हणाले आणि माशी हाकलावी तसा त्यांनी कॉम्प्युटरपुढे हात झटकला. "पुढचं लाव."

मी पुढचं लावलं. कुणी एक बाई बासरीवर उड्या मारल्यासारखं वाजवत होती. अण्णांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि दोन ओळी व्हायच्या आत डोळे उघडले.

"हेही नव्हे. यात कोमल निषाद कुठाय? पुढचं."

"अण्णा, मला कुकर लावायचाय."

"लाव की. हे एक लाव, मग कुकर लाव."

हा आमचा रोजचा नेम झाला होता. कॉलेजात मुलांना रसायनशास्त्र शिकवायचं, घरी येऊन आयर्लंड नावाच्या कधी न पाहिलेल्या देशाची नाचगाणी बापाला ऐकवायची, आणि दर वेळी "आमचं नव्हे" ऐकून घ्यायचं. घरात इंटरनेट नुकतंच आलेलं. एकेक रेकॉर्डिंग उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात निम्मी भाजी चिरून व्हायची.

या सगळ्या भानगडीचं मूळ मेघश्याम किणेकर. अण्णांचा जुना विद्यार्थी, आयर्लंडमधल्या कॉर्क गावात नोकरीला. दिवाळीत तो बेळगावला आला, चॉकलेटचा डबा ठेवून अण्णांच्या पाया पडला आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, "मास्तर, आपली तडतडी तिकडं वाजते! एका पबमध्ये एक म्हातारा व्हायोलिनवर वाजवत होता. मी उडालोच."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी डबा उचलून कपाटावर ठेवला, परत येऊन बसले आणि विचारलं, "तडतडी? आपली?"

"आपलीच की. म्हणजे तशीच. थोडी वेगळी, पण तीच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मेघ्या जेवून निघून गेला आणि अण्णांचा घास त्या दिवसापासून घशात अडकला.

तडतडी म्हणजे काय ते सांगायला हवं. अण्णा, म्हणजे शिवराम अनगोळकर, बेळगावात व्हायोलिनचे मास्तर. मैफली त्यांनी फार केल्या नाहीत. जे शिकवलं ते सगळं त्यांच्या गुरूंकडून आलेलं, आणि तसं ते प्रत्येकाला बजावून सांगत. स्वतःची म्हणून एकच धून, खमाज रागाच्या अंगाची, केरवा तालातली, तडतड उडणारी. नाव त्यांनी 'उल्हास' ठेवलं होतं, पण मुलांनी तिची तडतडी केली आणि तेच चिकटलं. अण्णांकडे ज्याने म्हणून व्हायोलिन खांद्याला लावलं त्याला तडतडी येतेच. मला व्हायोलिनचा कंटाळा आला आणि मी ते सोडलं, पण तडतडी मलाही झोपेत वाजवता येईल.

आणि तिची सम! तालाची पहिली मात्रा जिथे पडते, तिथे ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला हवी. तडतडीत ती भलत्याच ठिकाणी यायची. सूर एकीकडे झेप घेतात आणि टाळी दुसरीकडे पडते. अण्णांचे तबलजी दस्तगीर मुल्ला प्रत्येक नव्या श्रोत्याला हटकून सांगत, "मास्तरांनी सम अशी लपवून ठेवलीया, की हुडकणाऱ्याचा घाम निघावा." त्यावर अण्णा नुसते मान खाली घालून कमानीला राळ लावत. एरवी स्तुती त्यांना सोसवत नसे. ही एक सोसवायची.

त्या वर्षी गावातल्या संगीत मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला होता. सोबत धुनांची छोटी पुस्तिका, आणि तिच्या पहिल्याच पानावर तडतडी, 'रचना : शिवराम अनगोळकर'. मेघ्या गेल्यावर अण्णांनी मला समोर बसवलं.

"उल्के, हुडक. तिकडची असेल तर मी स्टेजवर चढणार नाही."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर चढतो की. पण आधी हुडक."

मला ती अण्णांचीच हवी होती, हे इथेच सांगून टाकते. शास्त्र शिकवणाऱ्या बाईने असं आधीच ठरवून शोधायला बसू नये. पण आयुष्यभर दुसऱ्याचं शिकवलेल्या माणसाची एकुलती एक वस्तू होती ती. मी शोधायला बसले ते सापडू नये म्हणूनच.

मेघ्याने कॉर्कला पोचल्यावर कळवलं, की या प्रकाराला हॉर्नपाईप म्हणतात. अण्णांना वाटलं, ते वाद्य असणार. शिंगाची पुंगी. मग मी पुंग्या, पिपाण्या, कातडी पिशवीची वाद्यं, सगळं ऐकवलं. पुढच्या फोनवर मेघ्या म्हणाला, "नाही हो अक्का, वाद्य नव्हे. नाचाच्या चालीचा प्रकार आहे तो. आपण लावणी म्हणतो ना, तसं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मग त्याने नाव मिळवलं. म्हाताऱ्याला पबमध्ये गाठून विचारलं, की या धुनेचं नाव काय. म्हातारा काहीतरी पुटपुटला ते मेघ्याने मला फोनवर ऐकू आलं तसं सांगितलं, "गान आन्यिम."

अण्णा शेजारीच होते. ते ताडकन उठले. "गान? गान म्हणाला? बघ! आपला शब्द! इकडून तिकडं गेलीय ती, तिकडून इकडं नव्हे!"

किती दिवसांनी मी त्यांना असं खुललेलं बघत होते. मग त्या नावाने हुडकायला सुरुवात केली. स्पेलिंग काय असेल देव जाणे, म्हणून निरनिराळी करून बघितली. एक लागलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेकॉर्डिंगांची रांगच लागली. याच नावाची एक धून संथ, एक धावती, एक रडवी. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. आम्ही दोघं आठवडाभर ऐकत बसलो. अण्णा प्रत्येकीला "नव्हे" म्हणत आणि प्रत्येक "नव्हे"गणिक त्यांचा चेहरा उजळत होता. माझा मात्र कंटाळून दिवसेंदिवस आंबत चालला होता.

शेवटी मी तिकडच्या एका संग्रहालयाला इंग्रजीत सविस्तर पत्र टाकलं, की या नावाच्या धुनेच्या सगळ्या जुन्या प्रती हव्या आहेत. उत्तर आलं. फार सभ्य होतं. लिहिणाऱ्या बाईंनी कळवलं होतं, की आमच्या भाषेत या शब्दांचा अर्थ 'नाव नाही' असा होतो. ज्या धुनेचं नाव कुणालाच ठाऊक नसतं तिच्यापुढे आम्ही तसं लिहितो. अशा हजारो आहेत. आपल्याला त्यातली नेमकी कोणती हवी?

मी ते अण्णांना वाचून दाखवलं आणि मला हसू यायच्या ऐवजी रडूच आलं. आठवडाभर मी 'नाव नाही' या नावाचा माणूस शोधत गावभर फिरले होते.

त्या बाईंनीच एक वाट सांगितली. इंटरनेटवर एका ठिकाणी धुनेची सुरुवात अक्षरांत लिहून टाकली, की तिच्याशी जुळणाऱ्या धुना कॉम्प्युटर काढून देतो. मी तडतडीचं सरगम घेतलं, त्याची इंग्रजी अक्षरं केली, तालाच्या उभ्या रेघा जिथल्या तिथे मारल्या आणि टाकलं. उत्तर आलं, काही जुळत नाही. सा दुसऱ्या सुरावर धरून बघितला. काही नाही. दुसरा भाग टाकला. काही नाही.

"झालं अण्णा," मी म्हणाले. "जगात कुठे नाही. तुमचीच आहे. आता सत्काराला काय नेसायचं ते ठरवा."

अण्णा पडद्यावरची अक्षरं पुन्हा बघत होते.

"मेघ्यानं ऐकली त्याचं काय?"

"त्याचे कान कुठे चांगले आहेत? तुम्हीच म्हणायचात, हा पंचमाला मध्यम म्हणतो."

"तरी. अजून हुडक."

इथे माझा तोल गेला. "कशाला? सापडली नाही तरी हुडक, सापडली तरी हुडक! तुम्हाला हवंय तरी काय? आणखी किती दिवस मी या परक्या लोकांचे पाय आपटणं ऐकू?"

"मला झोप लागत नाही, उल्के," अण्णा म्हणाले. एवढंच बोलले आणि आत गेले.

मी मेघ्याला फोन केला आणि मनसोक्त झापलं. त्या म्हाताऱ्याचं वाजवणं टेप करून पाठव, नाहीतर पुन्हा आमच्या घराची पायरी चढू नकोस. बिचाऱ्याने पाठवलं. पबमधली कुजबुज, ग्लासांचा आवाज, मध्येच कुणाचं तरी हसणं, आणि त्यातून म्हाताऱ्याचं व्हायोलिन आणि फळ्यांवर त्याचा दणदणीत पाय. अण्णांनी ते सबंध ऐकलं. परत लावायला सांगितलं. परत ऐकलं.

"हे आमचं नव्हे," ते म्हणाले. या वेळी हात झटकला नाही. "सूर जवळचे आहेत. पण चालच वेगळी. हा माणूस सरळ चालतो. आमची लंगडत नाचते."

मलाही तसंच वाटलं. खरंच. मी दोन्ही ऐकल्या आणि मला त्या दोघी बहिणी तर सोडाच, शेजारणीसुद्धा वाटल्या नाहीत. मेघ्या फोनवर म्हणत राहिला, "अक्का, तीच आहे हो, तीच आहे." पालथ्या घड्यावर पाणी. त्याला कायमचं गप्प करायचं म्हणून रविवारी सकाळी मी म्हाताऱ्याचं वाजवणं सरगमात लिहून काढायला बसले. तो पाय आपटेल तिथे उभी रेघ. वरच्या ओळीत म्हातारा, खालच्या ओळीत अण्णा. फरक दाखवायचा आणि विषय मिटवायचा.

म्हाताऱ्याची सुरुवात विचित्र होती. 'ग म' हे पहिले दोन सूर तो पाय आपटायच्या आधीच घेऊन टाकी, उंबरठ्यावर पायताण काढावं तसे, आणि पाय पडे तो पंचमावर. म्हणून ते दोन सूर मी रेघेच्या बाहेर लिहिले. खाली अण्णांची ओळ. तडतडीची सुरुवात समेपासून, म्हणून पहिला गंधारच समेवर. पुढे वर रेघ एकीकडे, खाली दुसरीकडे. बघितलं की दोन वेगळ्या धुना.

पेन्सिलीने लिहीत होते म्हणून झालं. एके ठिकाणी माझी रेघ चुकली, ती खोडायला गेले आणि खोडरबराने शेजारच्याही दोन पुसल्या. तेवढ्या जागेत वरची आणि खालची अक्षरं नुसती एकाखाली एक उभी राहिली. मी आणखी पुसल्या. मग सगळ्याच पुसल्या.

सूर तेच होते. कोमल निषाद त्याच जागी, धून संपवणारे शेवटचे तीन ठोके त्याच जागी. अण्णांनी त्या लोकांचे उंबरठ्यावरचे दोन सूर समेवर घेतले होते, म्हणून सबंध धून दोन मात्रा सरकून बसली होती. मीही त्याच सरकलेल्या रेघा टाकून जगभर शोधत होते. कॉम्प्युटरला सापडणार कशी?

दस्तगीरभाई ज्याला लपवलेली सम म्हणत ती लपवलेली नव्हती. ती चुकली होती.

तो कागद फाडून टाकावा असं वाटलं. खरं सांगते, फार वाटलं. मग दाराशी अण्णांचा आवाज आला, "काय झालं? बोलत का नाहीस?" आणि मी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग व्हायोलिन काढलं, पहिले दोन सूर सुटे घेतले आणि पंचमावर पाय आपटायला गेले. पाय गंधारावरच पडला. पुन्हा घेतलं. पुन्हा पाय जुन्या जागी. तिसऱ्यांदा त्यांनी पायाला शिवी दिली. मग एकदा जमलं. आमच्या घरात ती धून सरळ चालू लागली आणि मला कॉर्कचा तो पब ऐकू आला.

अण्णांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"आमचं दुकान कॅम्पात होतं," ते म्हणाले. "शिंप्याचं. मागची भिंत गोऱ्या सोजिरांच्या मेसची. संध्याकाळी पलीकडं काय काय वाजायचं. मी काजं-बटणं करत बसायचो." थोडं थांबून म्हणाले, "भिंतीपलीकडचे सूर ऐकू येतात. पाय कसा दिसणार?"

"आठवतंय तुम्हाला?"

"तेच तर!" ते एकदम ओरडले. "भिंत आठवते, ही धून ऐकल्याचं आठवत नाही! देवाशप्पथ नाही! मी ती केली असं आठवतं. इथं, या खोलीत, तुझ्या आईला ऐकवली ते आठवतं. आता ते खरं की काय?"

 माझ्या बापाची एकच वस्तू होती आणि ती त्याच्याच सांगण्यावरून मी काढून घेतली होती. मला त्यांचा राग आला, मेघ्याचा आला, इंग्रजांच्या पलटणीतून इथवर आलेल्या त्या मेलेल्या आयरिश सोजिरांचाही आला.

सत्कार नको म्हणून अण्णांनी मंडळाला निरोप धाडला. मंडळाने हात जोडले, पत्रिका वाटून झाल्या होत्या. पुस्तिकाही छापून आली होती. अण्णा म्हणाले, माझं नाव खोडा. मंडळाच्या लोकांनी प्रत्येक प्रतीत त्या नावावर पांढरा कागद चिकटवला. मग अण्णा म्हणाले, "येतो. पण बरोबर वाजवणार आणि सगळ्यांना सांगणार." दस्तगीरभाईंना बोलावून त्यांनी सरळ चालीची तालीम सुरू केली. दस्तगीरभाई पहिल्याच दिवशी तबल्यावरून हात काढून म्हणाले, "मास्तर, ही धून चांगली हाय. पण तडतडी कुठाय?"

"हीच तडतडी. आजवर मी चुकत होतो."

"मग मीबी चुकत होतो न्हवं? मला तर ग्वाड लागत हुतं."

"गप वाजव की."

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. केस पिकलेले विद्यार्थी, त्यांच्या मुली, मुलींच्या मांडीवर त्यांची पोरं. अण्णा माइकपुढे उभे राहिले.

"ही धून माझी नाही. आयर्लंडच्या लोकांची आहे. मी लहानपणी कुठंतरी ऐकली असणार, आणि चुकीच्या जागेवरून उचलली. तुम्हाला सगळ्यांना चुकीची शिकवली. आज दुरुस्त करून वाजवतो. ऐका."

 अण्णांनी दोन सुटे सूर घेतले, पंचमावर पाय टाकला, दस्तगीरभाईंनी ठेका धरला. पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीला टाळी सुरू झाली. तडतडीला बेळगावात टाळी धरतातच. आणि ती पडली जुन्या जागी, गंधारावर.

अण्णांनी कमान उचलली. "टाळी चुकतेय. थांबा." पुन्हा सुरुवात केली. थोडा वेळ सगळे थांबले. मग मागून कुणाचा तरी हात गेला, त्याच्यामागून सगळ्यांचे. पुन्हा गंधारावर.

"अरे, चुकताय! पंचमावर!"

लोक हसले आणि टाळी धरून राहिले. मी पहिल्या रांगेत होते, मला अण्णांचा पाय दिसत होता. एका आवर्तनात तो पंचमावर पडला. पुढच्याला अधांतरी राहिला. त्यापुढच्याला गंधारावर पडला. दस्तगीरभाईंनी ते पाहिलं, एकच बोल तीनदा वाजवून छोटी तिहाई घेतली आणि जुन्या समेवर येऊन बसले. सभागृहात असा गलका झाला, की शेवटचे तीन ठोके कुणी वाजवले आणि कुणी पायांनी दिले ते कळलं नाही.

रिक्षात अण्णा फुगून बसले होते. शाल उघडूनसुद्धा बघितली नाही. "एकही गाढव सुधारलं नाही," ते म्हणाले. "आणि मी त्यांचा मुकादम."

कुणीतरी त्या कार्यक्रमाचं शूटिंग मेघ्याला पाठवलं होतं. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मास्तर, म्हाताऱ्याला दाखवलं. फार आवडलं त्याला. पण म्हणतो, ही आमची नव्हे."

"काय?"

"आमची नव्हे म्हणाला. कुणाची आहे, विचारत होता."

"त्याचीच आहे म्हणून सांग त्याला!" अण्णा फोनवर कडाडले. "बहिरा आहे काय तो? सूर मोजायला लाव!"

"सांगितलं हो. समजावून सांगितलं. तो हसायलाच लागला. म्हणतो, मला माझी ओळखता येत नाही होय? ही कुण्या दुसऱ्याची आहे, मला शिकायची आहे, ज्याची आहे त्याचं नाव सांग. मास्तर, काय सांगू?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.  त्यांनी दोनदा घसा खाकरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याचाही राग राग करत होते.

"बेळगावची आहे म्हणून सांग," शेवटी ते म्हणाले. आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात माझ्या हातावर हात ठेवून ओरडले, "आणि मेघ्या, शिकवशील तर नीट शिकव त्याला. टाळी गंधारावर. अजिबात चुकू द्यायचं नाही!"